नेमलेल्या वाचनातील स्वल्पविराम

रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन आणि उपदेश करण्याची जबाबदारी नव्याने स्वीकारणाऱ्या बंधुभगिनींसाठी हे लिहीत आहे. लेक्शनरीचे, म्हणजे रविवारच्या नेमलेल्या शास्त्रवाचनांच्या यादीचे, तीन वर्षांचे चक्र आपणांस परिचित असेलच. शास्ते 19 सारखा भयंकर अध्याय रविवारी कधी वाचला जात नाही, हे थोडे लक्ष दिल्यास कोणालाही दिसते. मला दीर्घकाळ चकवले ते नेमून दिलेल्या वाचनाच्या संदर्भात मधोमध असलेल्या, मधली वचने गाळल्याचे दाखवणाऱ्या स्वल्पविरामाने, आणि आजही नवे वाचन हाती आले की माझी नजर प्रथम तेथेच जाते.

1992 च्या रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरीत, चक्राच्या दुसऱ्या म्हणजे ‘ब’ वर्षी, जुन्या करारातील ग्रंथ क्रमाने वाचण्याचा पर्याय घेणाऱ्या मंडळ्यांना जुलैमध्ये 2 शमुवेल 6:1-5, 12ब-19 हे वाचन येते. दावीद राजा वाजतगाजत देवाचा पवित्र कोश घेऊन निघतो आणि पुढच्याच वाक्यात तो कोश ओबेद-अदोमाच्या घरून आणतो. कोश तेथे कसा पोहोचला, हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. गाळलेल्या वचनांत कोशाला हात लावणाऱ्या उज्जाचा मृत्यू आहे, दावीदाचा संताप आणि भय आहे, तीन महिन्यांचा खंड आहे. ते भय ठाऊक नसेल तर त्यानंतरच्या नृत्याचा अर्थही अर्धाच समजतो.

पुढे हेच अधिक गंभीर होते. नाथान संदेष्ट्यासमोर दावीद पाप कबूल करतो तेथे 12:13 च्या मध्यावर वाचन थांबते आणि पुढच्या रविवारी थेट अठराव्या अध्यायात मृत मुलगा अबशालोम याच्यासाठी रडणारा दावीद भेटतो. मधल्या अध्यायांत दावीदाच्या बाळाचा मृत्यू आहे, त्याची मुलगी तामार हिच्यावर तिच्याच सावत्र भावाने केलेला बलात्कार आहे, आणि संतापूनही तिला न्याय न देणारा राजा आहे. तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याचा त्या सावत्र भावाविषयीचा द्वेष तेथे सुरू झाला. तामार गाळून दावीदाच्या अश्रूंवर उपदेश करू नका. ते तिच्यावर अन्यायकारक आहे, असे माझे ठाम मत आहे.

इंटरनेटवरील तयार उपदेश सहसा नेमलेल्या वचनांपुरतेच असतात, म्हणून त्यांवर विसंबू नका. ‘मंडळीला हे झेपणार नाही’ असे सांगणाऱ्या ज्येष्ठांचे आदराने ऐका, पण संपूर्ण अध्याय घरी वाचल्याशिवाय ते मान्य करू नका.

तरीही यामागे कोणाचा कट शोधू नये. वेळेची मर्यादा खरी असते आणि मंडळीची काळजीही खरी असते. कॅथोलिक चर्चच्या 1971 च्या प्रार्थनाग्रंथातून शत्रूंवर शाप मागणारी स्तोत्रे 58, 83 आणि 109 वगळली गेली, तेव्हा मानसिक अडचण हे कारण उघडपणे नोंदवले गेले. मला तो निर्णय पटत नाही, कारण प्रेषितांची कृत्ये 1:20 मध्ये पेत्र 109 व्या स्तोत्रातूनच उद्धृत करतो. पण कारण लपवले नाही, याचा आदर वाटतो.

आपणांस लगेच सर्व उलगडता येणार नाही, आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. वाचनापूर्वी दोन वाक्यांत मधला प्रसंग सांगितला तरी पुष्कळ साधते. तामारेचा अध्याय मात्र अकस्मात व्यासपीठावरून वाचू नका. पाळकसाहेबांशी आधी बोला, आदल्या रविवारी मंडळीला कल्पना द्या आणि उपासनेनंतर ज्यांना बोलावेसे वाटेल त्यांच्यासाठी एखादी जाणती, विश्वासू भगिनी थांबेल अशी व्यवस्था करा. कारण असे दुःख स्वतः सोसलेले कोणीतरी समोरच्या बाकावर बसलेले असू शकते.