बूशे यांची ‘डायना’ कशी पाहावी

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यातली मकरावर उभी असलेली स्त्री म्हणजे गंगा, हे वाहनावरून ओळखण्याची सवय मराठवाड्यातल्या कलाविद्यार्थ्याला असते. फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बूशे यांचे ‘स्नानानंतरची डायना’ (१७४२) हे चित्र पाहतानाही तीच सवय कामी आणावी. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असून ते जेमतेम पाऊण मीटर रुंद आहे, त्यामुळे मोठ्या आकारातली स्पष्ट प्रतिमा मिळवूनच बसावे.

आधी लक्षणे शोधावीत. केसांतली चंद्रकोर, बाणांचा भाता, धनुष्य, मारलेली शिकार आणि डावीकडचे कुत्रे यांवरून ही रोमन पुराणातली शिकारीची देवता ठरते. तिला स्नान करताना पाहणाऱ्या ॲक्टिऑनचे हरीण झाले आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडले, अशी कथा आहे. बूशे यांनी मात्र ॲक्टिऑनला चित्रात घेतलेलेच नाही, म्हणून कथा शोधत फार वेळ घालवू नये.

मग डोळे किलकिले करून पाहावे, म्हणजे तपशील विरतात आणि गडद हिरव्या झाडीपुढे उजळलेली डायना व तिची सखी अशी दोन शरीरे तेवढी उरतात. सखीची नजर डायनाच्या पायाकडे वळलेली आहे. त्या नजरेची रेषा कागदावर हलकेच काढली की मांडणीचा तिरकस ओघ हाती येतो.

खरी मेहनत रंगांत आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा आकार प्रामुख्याने रेषेने बांधलेला आहे, तर इथे कडा विरघळतात आणि त्वचेच्या सावल्यांत निळसर-करडी छटा उतरते. अभ्यासप्रत करताना ‘फ्लेश टिंट’ची (त्वचेच्या रंगाची) तयार ट्यूब बाजूला ठेवावी, पांढरा, पिवळा गेरू व थोडा लाल मिसळून मूळ छटा करावी आणि सावलीत काळ्याऐवजी निळ्याचा अगदी पातळ अंश घालावा.

बूशे यांच्याकडे सत्य सोडून सर्व काही आहे, असा आक्षेप फ्रेंच विचारवंत व कलासमीक्षक दिदरो यांनी घेतला होता. तो तपासण्यासाठी डायनाचे केस व पाय जवळून पाहावेत: स्नान होऊनही केस कोरडे आणि मोत्यांसह नीट बसलेले आहेत, अन् रानोमाळ हिंडणाऱ्या या शिकारी देवतेच्या पायांवर मातीचा एक डागही नाही. माझ्या मते हा दोष नसून दरबारी अभिरुचीसाठी केलेली जाणीवपूर्वक निवड आहे, त्यामुळे प्रत करताना तिथे वास्तवाची भर घालू नये.