डॉक्टरच्या स्मृतिदिनी रक्तदान शिबिर घेताना

कॅन्सरने अकाली गेलेल्या तरुण डॉक्टरच्या स्मरणार्थ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या गावात शिबिर घ्यायचं, तर आधी परवानाधारक रक्तपेढीकडून तारीख घ्या, हॉल नंतर. केमो चालू असलेल्यांना बऱ्याचदा प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) लागतात आणि त्या जेमतेम 5 दिवस टिकतात. म्हणून एकाच दिवशी 200 पिशव्यांचा विक्रम नको. दर चार महिन्यांनी 40 बऱ्या. बायकांचं 120 दिवसांचं अंतरही त्यात बसतं (पुरुषांना 90). वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 ग्रॅम. तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेल्याच्या प्लेटलेट्स चालत नाहीत, हे पत्रकातच छापा, मराठी-कन्नड दोन्हींत. उपाशीपोटी आलेल्यांना भोवळ येऊ शकते; दारातच पोहे-सरबत ठेवा. भाषणं? पाच मिनिटं पुरेत, तीही खाटा रिकाम्या असताना.