टेकसूट: चढवायला वीस मिनिटं, फाडायला एक नख

पोहण्याची मीट, म्हणजे स्पर्धा, जवळ आली की आमच्या बॅचमधलं कोणीतरी विचारतंच, ताई तो गुडघ्यापर्यंतचा महागडा सूट घेऊ का आणि किती दिवस टिकतो. दिवसांचा हिशोब करूच नका हो. टेकसूट, म्हणजे हाच रेससाठीचा घट्ट सूट, किती वेळा अंगावर चढला आणि किती वेळ ओला राहिला यावर सगळं असतं. कपाटात कोरडा पडलेला सूट वर्षाने काढला तरी जवळपास तसाच असतो, आणि एकाच रविवारी सकाळच्या वॉर्मअपपासून संध्याकाळच्या रिलेपर्यंत घालून बसलात तर त्याचं बरंचसं आयुष्य तिथेच संपलं. मी ४७ वर्षांची, ५० आणि १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहते, आत्तापर्यंत तीन सूट झालेत, त्यातले दोन मी स्वतःच्या हाताने मारलेत, ते पुढे सांगते.

सूट करतो काय ते आधी. कापड नायलॉन आणि इलॅस्टेनचं (इलॅस्टेन म्हणजे ताणणारा धागा), एकदम घट्ट विणलेलं, त्यावर पाणी झटकणारं कोटिंग. एक म्हणजे तो आवळून धरतो त्यामुळे मांड्या-पोट पाण्यात लदलदत नाहीत (चाळिशीनंतर हे किती कामाचं आहे ते मी सांगायला नको), आणि दुसरं म्हणजे कापड पाणी पिऊन जड होत नाही. तरंगवत मात्र नाही. ती समजूत २००८-०९ मधली आहे, तेव्हा आधी स्पीडोचा एलझेडआर रेसर आला ज्यात पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या प्लास्टिकचे) पट्टे होते आणि मग इतरांनी अख्खे पॉलियुरेथेनचेच सूट काढले, २००९ च्या रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ४३ वर्ल्ड रेकॉर्ड पडले आणि सगळ्यांचे डोळे उघडले. १ जानेवारी २०१० पासून फक्त कापडाचेच सूट, पुरुषांना कंबर ते गुडघा, बायकांना खांदा ते गुडघा, चेन नाही, जाडी ०.८ मिलिमीटरच्या आत. त्या रोममध्ये ब्राझीलच्या सिझर सिएलोने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.९१ सेकंदांत मारली होती, तो रेकॉर्ड मोडायला २०२२ उजाडलं, रोमानियाच्या डेव्हिड पोपोविचीने ४६.८६, आणि तेही रोमलाच. आणि आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं २०१० च्या एशियाडमधलं ५० बटरफ्लायचं ब्राँझ हे ते सूट बंद झाल्यानंतरचं आहे, हे मला नेहमी आवडीने सांगावंसं वाटतं.

याचा तुमच्या खरेदीशी संबंध असा की कोणी जुना रबरासारखा चकचकीत सूट स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, वर्ल्ड मास्टर्सला (प्रौढांच्या जागतिक स्पर्धेला) चालणार नाही. सूटच्या मागे वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या मान्यतेचा छोटा शिक्का असतो (ही पोहण्याची जागतिक संघटना, जुन्यांवर तिचं आधीचं नाव फिना लिहिलेलं), तो बघून घ्या. आपल्याकडच्या छोट्या मीटला मला तरी कधी कोणी विचारलं नाही, पण मोठ्या मीटला ब्लॉकजवळ (जिथून डाइव्ह मारतो त्या ओट्याजवळ) जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही.

साइझ. इथेच पैसे जातात. ब्रँडचा चार्ट बघा, छाती-कंबर-हिप टेपने मोजा, आणि चार्टवर जे येईल तेच घ्या. कोणीतरी सांगतं दोन साइझ लहान घे, पण चार्टच आधीपासून आवळून धरणारा बनवलेला असतो, त्यातून अजून दोन खाली गेलात तर शिवण सुटते नाहीतर तुमचा श्वास. घातल्यावर हात डोक्यावर सरळ जोडून स्ट्रीमलाइन करा, खांद्याचा पट्टा खाली खेचत असेल पण हात पूर्ण वर जात असतील तर बरोबर. कमरेच्या मागच्या खळग्यात पोकळी राहिली तर मोठा, डाइव्ह मारली की तिथून पाणी शिरतं आणि सूटचा फुगा होतो. ब्रेस्टवाल्यांनी घालून बेडकासारखं खाली बसून बघा, काही मॉडेल्स इतकी कडक असतात की किकच उघडत नाही, स्प्रिंट फ्रीवाल्यांना तीच आवडतात. वरच्या रेंजचे बायकांचे सूट अमेरिकेत पाचशे डॉलरच्या पुढे जातात, पुरुषांचे जॅमर (कंबर ते गुडघा) कापड कमी म्हणून स्वस्त. पहिलाच असेल तर मधल्या रेंजचा घ्या, कारण पहिला सूट शिकण्यातच जातो, घालायला शिकण्यात.

तर घालणं. नखं आदल्या रात्री कापा आणि फाइल करा, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. माझा दुसरा सूट, दुसरीच मीट, चेंजिंग रूममध्ये मे महिन्याचा उकाडा, अंगाला घाम, माझी हीट, म्हणजे प्राथमिक फेरीची रेस, वीस मिनिटांवर, आणि मी मांडीवरचं कापड मुठीत धरून वर ओढलं. ट्टक असा बारीक आवाज आला. खाली बघते तर अंगठ्याचं नख आरपार, तांदळाच्या दाण्याएवढं भोक, रेस होईपर्यंत त्याची बोटभर चीर झाली होती.

तेव्हा असं करा. अंग पूर्ण कोरडं, पंख्याखाली दोन मिनिटं उभं राहा, घामेजल्या कातडीवर हे कापड सरकतच नाही. पायाला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, त्यावरून पाय सुर्रकन आत जातो, मग पिशवी खालून काढून घ्या. हातात सुती हातमोजे घाला नाहीतर फक्त बोटांच्या पेरांनी चिमटीत कापड धरा, कडेला धरून नाही, आणि अर्धा-पाऊण इंचच वर सरकवा, मग दुसरा पाय, मग पुन्हा पहिला, साडीच्या निऱ्या बसवतो तसं शांतपणे. मांड्या पूर्ण वरपर्यंत बसल्याशिवाय हिपवर चढवायला जाऊ नका, सगळ्यांची घाई तिथेच होते आणि सगळे सूट तिथेच फाटतात. खांद्याचे पट्टे शेवटी, मैत्रिणीला हाक मारा, तिने पट्ट्याखाली बोटं घालून उचलायचं. पहिल्यांदा वीस मिनिटं धरा.

वॉर्मअप जुन्या कॉस्च्युममध्ये. दोन रेसमध्ये तासापेक्षा जास्त वेळ असेल तर काढा, कंटाळा आला तरी काढा, कमीत कमी पट्टे तरी खांद्यावरून उतरवा. आणि गॅलरीच्या सिमेंटच्या पायरीवर तशाच बसू नका ना! खाली टॉवेल घ्या. माझ्या पहिल्या सूटचं कोटिंग बाकी सगळीकडे ठीक होतं आणि बसायच्या जागी अगदी टक्कल पडलं होतं.

तेल आणि सनस्क्रीन या दोन्हीने कापड खराब होतं. सकाळी केसांना खोबरेल चोपडून कॅप घालायची आपली जुनी सवय, ते घामाबरोबर मानेवरून पाठीवर उतरतं, मीटच्या दिवशी नको. सनस्क्रीन लावायचंच तर सूट चढवल्यावर, उघड्या भागाला, दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने.

रेसनंतर लगेच थंड साध्या पाण्यात बुचकळा. क्लोरीन इलॅस्टेनला खातं आणि ऊन-उष्णता मिळाली की अजून जोरात खातं. साबण नको, मशीन नको, पिळायचं तर अजिबात नाही, कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा, हलकं दाबा, आणि मग घरात सावलीत आडवा वाळवा. गच्चीवर दोरीला चिमटे लावून टांगला की चिमट्यांचे वळ कायमचे राहतात. माझा पहिला सूटही मीच मारला, ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाडीच्या डिकीत विसरले, पुण्याचा एप्रिल, तीन दिवस. काढला तेव्हा कुबट वास होता तो धुवून गेला, पण पायाच्या कडेची पकड गेली ती गेलीच. पावसाळ्यात मुंबईवाल्यांनी कपाटात ठेवायच्या आधी दोन दिवस पंख्याखाली वाळू द्या, बाहेरून कोरडा वाटतो आणि आतली कडा ओली असते. समुद्रातल्या स्विमला हा सूट नेऊच नका, मीठ, वाळू आणि खडक, कशाला.

संपला कसं ओळखायचं? मांडीच्या भागावर पाण्याचा थेंब टाका. नव्यावर तो अळूच्या पानावर पळतो तसा पळतो, जुन्यावर बसतो आणि मुरतो. कोटिंग आधी जातं, आवळ नंतर, त्यामुळे थेंब मुरायला लागल्यावरही काही मीट निघतात, छोट्या मीटला तोच वापरा. पण जो सूट चढवायला वीस मिनिटं लागायची तो पाच मिनिटांत चढला आणि तुम्हाला वाटलं की वा, आता जमायला लागलं, तर जमायला बिमायला काही लागलं नाहीये, इलॅस्टेन गेलंय. उजेडासमोर ताणून धरा, पातळ चट्टे दिसतील. माझ्या सूटच्या प्रत्येकी पंधराएक रेस झाल्या असतील, दुसरा सोडून. मी तर पिशवीत सूट ठेवतानाच छोट्या वहीत तारीख आणि रेस लिहिते.

रिटायर झालेला टाकून देऊ नका. मीटच्या आधीच्या आठवड्यात एकदा तो घालून ब्लॉकवरून चार डाइव्ह मारा, आवळलेल्या अंगाने श्वास कसा घ्यायचा याची सवय होते आणि नवा वाचतो. आणि मीटला पिशवीच्या तळाशी तो कायम ठेवा. मागच्या मीटला बाजूच्या लेनमधलीचा पट्टा हीटच्या आधी दहा मिनिटं तुटला, साइझ माझाच होता, माझा जुना घालून पोहली ती.