वाचनवर्गाच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा

लहान मुलांच्या वाचनवर्गात पातळी तपासायला शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ वाचन चाचणीची पद्धत सोपी पडते: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो जमला तर गोष्ट द्यायची, नाहीतर शब्दांकडे यायचं. पाचपैकी चार शब्द नीट वाचले की मूल शब्द पातळीवर. गट पाडायला एवढं पुरतं.

पण वहीत नुसतं ‘शब्द’ लिहून थांबू नका. त्याच पातळीवरचं एक मूल ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीत अडकलेलं असतं, तर दुसरं ‘सूर्य’मधल्या रफारापाशी. दोघांना उद्या वेगवेगळा सराव हवा, आणि तो पातळीवरून कळत नाही. म्हणून शेजारी आणखी एक रकाना आखा आणि मुलाने जसं वाचलं तसंच लिहा: ‘घर’चं ‘धर’, ‘भात’चं ‘मात’. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाची मात्र चूक धरू नका. ती त्याच्या घरची बोली आहे. शब्द त्याने ओळखलेला आहे.

उतारा दर वेळी बदला, कारण मुलांचा तो ऐकून पाठ होतो. हजेरीही त्याच पानावर ठेवा. आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेलेल्या मुलाची पातळी हलली नाही, तर कारण तिथेच दिसतं.

दर पंधरवड्याला हा नवा रकाना सलग वाचा. तीन-चार मुलांत तीच चूक सापडली की त्यांना दहा मिनिटं वेगळं बसवून तेवढंच घ्या.