शिकारी माशांसाठी ल्युअर फिशिंग : सुरुवात कशी करावी

गळाला गांडूळ लावून तरंडाकडे पाहत बसणे ही मासेमारीची एक रीत झाली. ल्युअर फिशिंगमध्ये लाकूड, धातू किंवा प्लास्टिकचे कृत्रिम आमिष पाण्यात फेकून असे ओढत आणायचे असते, की शिकारी माशाला ते जिवंत आणि शक्यतो दुबळे झालेले भक्ष्य वाटावे. पाइक, पर्च, झँडर, बास, ट्राउट, मरळ, महाशीर असे गोड्या पाण्यातील अनेक मासे या पद्धतीने पकडले जातात आणि त्या सर्वांना लागू पडणारे तत्त्व एकच आहे. फिनलंडमधील लाउरी रापाला या मच्छीमाराच्या लक्षात आले होते, की लहान माशांच्या थव्यात जो मासा जखमी होऊन वेडावाकडा पोहतो, त्याच्यावरच मोठा मासा तुटून पडतो. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा तुकडा चाकूने तासून तशी डुगडुगणारी आमिषे बनवायला सुरुवात केली. नवशिक्याने हीच गोष्ट धरून ठेवावी. आमिष कोणत्या रंगाचे आहे यापेक्षा ते किती खोलीवर आहे, किती वेगाने चालते आहे आणि मध्येच कसे थांबते आहे, यावर मासा लागणे अवलंबून असते.

पाण्याकडे जाण्यापूर्वी त्या पाणवठ्यावर परवाना लागतो का, विणीच्या काळात बंदी आहे का आणि कोणते मासे सोडून द्यावे लागतात, याची चौकशी करून घ्यावी.

रॉड, रील आणि दोरी

पहिला रॉड २.१ ते २.४ मीटर लांबीचा स्पिनिंग रॉड असावा. मुठीच्या थोडे वर त्यावर एक पल्ला छापलेला असतो, उदाहरणार्थ १० ते ३० ग्रॅम. इतक्या वजनाची आमिषे त्या रॉडने फेकता येतात, असा त्याचा अर्थ. बहुतेक नवशिके हा आकडा वाचतच नाहीत. पल्ल्यापेक्षा फार हलके आमिष लावले तर रॉड वाकतच नाही आणि फेक जवळच पडते. फार जड लावले तर एखाद्या जोरदार फेकीत रॉड मोडतो. सर्वसाधारण वापरासाठी १० ते ३० ग्रॅमचा, टोकाकडे लवचीक आणि खालच्या भागात ताठ असा रॉड पुरेसा होतो. त्याला २५०० किंवा ३००० आकाराचे रील शोभते.

दोरी विणलेली, म्हणजे ब्रेडेड, घ्यावी. ०.१५ मिलिमीटरच्या आसपास जाडीची दोरीही चांगले वजन पेलते आणि ती जवळजवळ ताणली जात नसल्यामुळे तळावरचा खडा असो वा माशाचा हलका स्पर्श, तो थेट बोटांपर्यंत पोहोचतो. रीलच्या नुसत्या स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या फिरकीवर, ही दोरी घसरते, म्हणून खाली आधी नायलॉनचे काही वेढे द्यावेत. स्पूल कडेपासून दोन मिलिमीटर कमी राहील इतके भरावे. त्यापेक्षा कमी भरले तर फेक आखूड पडते आणि जास्त भरले तर वेढेच्या वेढे एकदम सुटून गुंता होतो.

विणलेल्या दोरीच्या दोन उणिवा आहेत: ती दगडावर घासून लवकर तुटते आणि पाण्यात उठून दिसते. म्हणून तिच्या पुढे साधारण एक मीटर लीडर, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्यामधला फ्लोरोकार्बन या पाण्यात कमी दिसणाऱ्या प्लास्टिकचा धागा, जोडावा, जाडी ०.३० मिलिमीटरच्या आसपास. पाइक असलेल्या पाण्यात मात्र लीडरच्या टोकाला किमान ३० सेंटिमीटर पोलादी तार हवीच. पाइकचे दात असा लीडर सहज कापतात आणि मग तो मासा तोंडात तिहेरी गळ घेऊन जातो. तारेमुळे मासे कमी लागतात असे काही जण सांगतात. ते खरे असले, तरी तो तोटा सोसावा असे माझे मत आहे.

दोरी आणि लीडर जोडण्यासाठी दुहेरी युनी गाठ शिकावी. लीडरच्या दुसऱ्या टोकाला आमिष अडकवण्याची लहान क्लिप बांधायची असते, तिच्यासाठी सुधारित क्लिंच गाठ पुरते. लीडरचे टोक क्लिपच्या कडीतून ओवावे, मूळ धाग्याभोवती पाच वेढे द्यावेत, टोक कडीलगतच्या छोट्या फटीतून मागे काढावे आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा ओवावे. आता गाठ आवळण्याआधी ती तोंडात धरून ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि धागा नेमका तिथेच कमकुवत होतो. गाठ सावकाश ओढावी, वेढे एकमेकांशेजारी नीट बसले आहेत का ते पाहावे, आणि एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला दिसला तर ती कापून पुन्हा बांधावी.

सुरुवातीला पाचच आमिषे

दुकानात गेल्यावर माणूस माशाच्या आधी स्वतःच गळाला लागतो. पहिल्या हंगामासाठी पुढील पाच आमिषे पुरेशी आहेत. पहिला स्पिनर: तारेभोवती गरगर फिरणारी पाती असलेला, ३ क्रमांकाचा. तो नुसता सरळ ओढला तरी काम करतो. मात्र त्याच्यामुळे दोरीला पीळ पडतो, म्हणून त्याच्यासाठी फिरकी असलेली क्लिप वापरावी. दुसरा १२ ते १८ ग्रॅमचा स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराचा धातूचा पत्रा. अमेरिकेत जे. टी. ब्यूल यांनी १८५२ मध्ये अशा आमिषाचे पेटंट घेतले होते आणि त्याचा आकार आजही फारसा बदललेला नाही. तिसरे ७ ते ९ सेंटिमीटरचे मिनो, म्हणजे लहान माशाच्या आकाराचे आमिष, जे पाण्यावर तरंगते आणि ओढताच पुढच्या छोट्या जिभेमुळे मीटरभर खाली जाते. चौथी ८ ते १० सेंटिमीटरची मऊ प्लास्टिकची, चपट्या शेपटीची मासळी, ७ ते १० ग्रॅमच्या जिगहेडवर, म्हणजे डोक्याशी वजन असलेल्या गळावर, बसवलेली. पाचवा पोकळ रबरी बेडूक, ज्याचे गळ अंगाला चिकटून असल्यामुळे तो वनस्पतींनी झाकलेल्या पाण्यावरूनही न अडकता येतो. मरळीसाठी तो अतिशय उपयोगी आहे.

रंगांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर स्वच्छ पाण्यात चंदेरी आणि हिरवट-तपकिरी असे नैसर्गिक रंग, तर गढूळ पाण्यात भडक किंवा काळा. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी मावळतो. काही मीटर खाली तो करडाच दिसतो. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा पार्श्वरेषेवर, म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या आणि पाण्यातील कंपने टिपणाऱ्या इंद्रियावर, अधिक विसंबतो. तिथे जोरात थरथरणारी मोठी पाती सावकाश ओढलेली बरी.

फेक

फेकीचा सराव मोकळ्या मैदानावर, गळ काढून टाकलेल्या आमिषाने करावा. रीलची दांडी मधले बोट आणि अनामिका यांच्यामध्ये येईल असा रॉड धरावा, टोकापासून आमिष ३० ते ४० सेंटिमीटर लोंबकळत ठेवावे, तर्जनीने दोरी उचलून धरावी आणि रीलवरची तारेची कमान उघडावी. मागे कोणी नाही हे वळून पाहावे. हा नियम कधीही मोडू नये. मग रॉड खांद्यावरून थोडा मागे नेऊन, क्षणभरही न रेंगाळता पुढे आणावा आणि टोक डोळ्यांसमोर तिरपे असताना तर्जनी सोडावी. आमिष आकाशाकडे गेले तर बोट लवकर सुटले आणि पायापुढे आपटले तर उशिरा, इतके सोपे हे गणित आहे. जोर हातातून नव्हे, वाकलेल्या रॉडमधून येतो. आमिष पाण्याला टेकण्यापूर्वी स्पूलच्या कडेला बोट लावून वेग मोडावा, कमान हाताने बंद करावी आणि सैल दोरी ताणून घ्यावी. हँडल फिरवून कमान बंद करण्याच्या सवयीमुळे सैल वेढा स्पूलवर राहतो आणि पुढच्या फेकीला त्याचाच गुंता होतो.

ओढण्याची कला

येथे घाई करू नये, कारण सर्व काही याच भागावर ठरते. प्रत्येक नवे आमिष आधी पायाजवळच्या उथळ, स्वच्छ पाण्यात ओढून पाहावे. मिनो कोणत्या वेगाला अंग घुसळू लागते, स्पिनरची पाती कोणत्या वेगाखाली फिरायची थांबते, मऊ मासळीची शेपूट किती हळू ओढली तरी हलते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर दूरच्या पाण्यात काय चालले आहे याचे चित्र मनात तयार होते. शेपूट हलेल इतक्या कमीत कमी वेगाने ओढावे, हा माझा ठोकताळा आहे. नवशिक्यांचा हात जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा जलद चालतो.

यानंतर थांबणे शिकावे. मिनो ओढताना हँडलचे तीन फेरे घ्यावेत आणि दोन सेकंद काहीही करू नये. आमिष हळूच वर येऊ लागते. मागोमाग येणारा मासा बहुतेक वेळा याच क्षणी निर्णय घेतो. सुरुवातीच्या काळात माझ्या आमिषामागे मासे काठापर्यंत येत आणि वळून जात. एकदा टोपी उडू नये म्हणून मी ओढणे थांबवले आणि टोपीवर हात असतानाच रॉड वाकला. त्या दिवसापासून मी टोपी उडण्याची वाट न पाहता थांबू लागलो. काठाशी आल्यावरही आमिष लगेच उचलू नये. रॉडचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे एक-दोन सावकाश फेरे द्यावेत. पाइक कधीकधी अक्षरशः पायाशी लागतो.

जिगहेडवरची मऊ मासळी तळाशी खेळवायची असते. ती पाण्यात पडल्यावर मनात आकडे मोजावेत. ताणलेली दोरी अचानक सैल पडली की तळ आला. समजा सातला आला, तर त्या जागेची खोली आपल्या हिशेबात 'सात' झाली आणि पुढच्या फेकीला पाचवर ओढायला लागल्यास आमिष तळाच्या थोडे वरून येईल. तळावरून हँडलचे दोन जलद फेरे घेऊन तिला उचलावे आणि दोरी अर्धवट ताणलेली ठेवून पुन्हा पडू द्यावे. मासा ती बहुधा पडतानाच घेतो. हाताला एक बारीक 'टक्' जाणवतो, किंवा नुसती दोरी बाजूला सरकते, किंवा सातऐवजी चारलाच ती सैल पडते. तिन्ही वेळा ताबडतोब झटका द्यावा.

मासे कुठे शोधावेत

शिकारी मासा दबा धरून बसतो, आणि त्यासाठी त्याला आडोसा किंवा कड लागते. पाणवनस्पतींची कड, पाण्यात पडलेले झाड, पुलाच्या खांबामागचे संथ पाणी, ओढा मिळतो ती जागा, उथळ तळ एकदम खोल होतो तो उतार, अशा ठिकाणी आधी प्रयत्न करावा. पहिली फेक समोरच्या खोल पाण्यात न टाकता काठाला समांतर टाकावी, कारण मासा अनेकदा आपल्यापासून चार पावलांवर असतो. पाय आपटत काठावर जाऊ नये. मग पंख्याच्या काड्यांप्रमाणे एकेक दिशा घेत पाणी चाळावे आणि वीसेक फेकींत काही घडले नाही तर पुढे सरकावे.

पहाट आणि संध्याकाळ या वेळा चांगल्या. झँडरच्या डोळ्यांत मागे प्रकाश परावर्तित करणारा थर असल्यामुळे त्याला मंद उजेडात भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. वारा ज्या काठावर येऊन आदळतो, तिथे फेकायला त्रास होतो, पण लहान मासे तिकडेच जमतात. मासे शीतरक्ताचे असल्याने थंड पाण्यात त्यांच्या हालचाली मंदावतात, तेव्हा आमिषही हळू चालवून थांबे लांबवावेत. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून कडक उन्हाळ्यात वाहते पाणी शोधावे.

मासा लागल्यावर

रीलचा ड्रॅग, म्हणजे माशाने जोर लावल्यावर दोरी सुटू देणारा ब्रेक, आधीच दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका लावून ठेवावा. तो ताणकाट्याने मोजता येतो. मासा दोरी खेचत असताना हँडल फिरवू नये. त्याने फक्त पीळ पडतो. मासा उडी मारू लागला तर रॉड खाली झुकवावा. बेडकावर मरळ झेपावली, की पाण्याच्या त्या स्फोटाला दचकून लगेच झटका देण्याचा मोह होतो. तो आवरून, माशाचे वजन रॉडवर जाणवल्यानंतरच झटका द्यावा, नाहीतर बेडूक रिकामाच हवेत उडून येतो. पृष्ठभागाजवळ लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे फेकू नये, कारण त्यांच्याखाली राखण करणारी मरळ असते आणि ती काढली की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.

रबरी जाळ्याची हातजाळी आधी पाण्यात बुडवून ठेवावी आणि मासा तिच्यावर आणावा. हात ओले करूनच त्याला धरावे, कारण कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो. गळ हाताने नव्हे, लांब चोचीच्या पक्कडीने काढावा. गळाचे उलटे काटे पक्कडीने आधीच दाबून टाकले असतील तर हे काम काही सेकंदांचे होते, आणि गळ स्वतःच्या बोटात शिरला तरीही. मासा पोटाखाली आधार देऊन आडवा धरावा आणि आपल्याला जितका वेळ श्वास रोखता येतो त्यापेक्षा जास्त वेळ पाण्याबाहेर ठेवू नये. सोडताना तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत त्याला पाण्यात सरळ धरून ठेवावे.

आमिष तळाशी अडकले तर रॉड वाकवून खेचू नये, कारण सुटलेले आमिष गोळीसारखे तोंडावर येते; यासाठीच डोळ्यांवर चष्मा हवा. रॉड दोरीच्या रेषेत धरून, दोरी एखाद्या काटकीभोवती गुंडाळून मागे सरकावे. हाताभोवती गुंडाळल्यास विणलेली दोरी कातडी कापते. आकाशात गडगडाट सुरू झाला की कार्बनचा रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर जावे, आणि विजेच्या तारांखाली तो कधीच उभा धरू नये.

मासा सोडल्यानंतर किंवा अडकलेले आमिष सुटल्यानंतर, पुढच्या फेकीआधी लीडरचा शेवटचा अर्धा मीटर बोटांच्या चिमटीतून ओढून पाहावा. कुठे खरखर लागली तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने, ओली करून बांधावी.