अमेरिकेत मशीन ऑपरेटरची स्पॉन्सर्ड नोकरी : पैसे भरायच्या आधी प्रिव्हेलिंग वेजचा आकडा बघा

चाकण, भोसरी, सातपूर, शिरोली अशा एमआयडीसीतल्या पोरांचे मेसेज मला वरचेवर येतात, कारण मी अमेरिकेत मेटल पार्ट्स बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये एचआरला आहे आणि स्पॉन्सरशिपचे कागद माझ्याच टेबलावरून जातात. प्रश्न फिरून फिरून एकच, की ताई, एजंट म्हणतोय सीएनसी ऑपरेटरला ग्रीन कार्डसकट नोकरी आहे, आठवड्याला इतके डॉलर मिळतील, एवढे एवढे लाख भरायचे, खरं आहे का. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहिते. ऑफर खरी की खोटी, चांगली की पडेल भावाची, हे तपासायला तुमच्या हातात एक भक्कम गोष्ट आहे, तिचं नाव प्रिव्हेलिंग वेज, म्हणजे त्या भागात त्या कामाला सरकारने ठरवून दिलेला किमान चालू दर.

आधी व्हिसाचं थोडक्यात सांगते. मशीन ऑपरेटरला एच-१बी मिळत नाही, कारण त्या व्हिसासाठी कामाला किमान बॅचलर डिग्री लागतेच असं दाखवावं लागतं. एच-२बी आहे पण तो हंगामी किंवा तात्पुरत्या कामाला, वर्षाला ६६,००० चा कोटा, आणि बाराही महिने तीन शिफ्टमध्ये चालणाऱ्या कारखान्याला आपली गरज तात्पुरती आहे हे पटवणं अवघड जातं. बी-१ बिझनेस व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बघू, असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, त्या व्हिसावर प्रॉडक्शनला उभं राहणं बेकायदेशीर आहे आणि पकडले गेलात तर पुढचे रस्तेही बंद होतात. राहिला ईबी-३, म्हणजे नोकरीवरून ग्रीन कार्ड. त्यात कामाला किमान दोन वर्षांचा अनुभव किंवा ट्रेनिंग लागत असेल तर स्किल्ड वर्कर, त्यापेक्षा कमी लागत असेल तर अदर वर्कर. आपल्या ऑपरेटर लोकांचं सगळं या दोनातच येतं आणि दोन्हीला पर्म नावाचं लेबर सर्टिफिकेशन आधी लागतं, म्हणजे या कामाला इथे लायक माणूस मिळत नाही असं लेबर डिपार्टमेंटने मान्य करणं.

पर्मची सुरुवातच पगारापासून होते. कंपनी फॉर्म ९१४१ भरून लेबर डिपार्टमेंटच्या प्रिव्हेलिंग वेज सेंटरकडे पाठवते, त्यात काम काय, कुठल्या गावात, शिक्षण किती, अनुभव किती हे सगळं लिहायचं असतं. त्यावरून सेंटर सांगतं की या भागात या कामाला चालू दर हा आहे, यापेक्षा एक सेंटही कमी देता येणार नाही. कंपनीत युनियनचा करार असेल तर बहुतेक वेळा त्या करारातलाच दर धरतात, नसेल तर सरकारच्या वेतन सर्व्हेचा. हा कागद यायला कित्येक महिने लागतात आणि तो कायम चालत नाही, ९० दिवस ते १ वर्ष अशी मुदत त्याच्यावरच छापलेली असते. हा नियम आहे तो बाहेरून माणूस आणून इथल्या कामगाराचा दर पाडला जाऊ नये म्हणून, पण त्याचा फायदा तुम्हालाही तेवढाच आहे.

आता महत्त्वाचं. दर तीन गोष्टींवर ठरतो, कामाचा कोड, जागा आणि लेव्हल.

कोड म्हणजे एसओसी कोड, सरकारने प्रत्येक प्रकारच्या कामाला दिलेला नंबर. आपल्याकडे टर्निंगवर असो की व्हीएमसीवर, सगळ्यांना ऑपरेटर म्हणून मोकळे होतात, इथे तसं नाही. सीएनसी टूल ऑपरेटर ५१-९१६१, प्रोग्रॅमर ५१-९१६२, मशिनिस्ट ५१-४०४१, मोल्डिंग-कास्टिंग मशीनवाला ५१-४०७२, पॅकेजिंग मशीनवाला ५१-९१११. जॉब लोड करायचा, बटण दाबायचं, व्हर्नियरने माप घेऊन बाजूला ठेवायचा हे एक काम झालं, आणि ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग करणं, ऑफसेट देणं, प्रोग्रॅम लिहिणं किंवा सुधारणं हे वेगळं काम, दोन्हीचे दर वेगळे. त्यामुळे ऑफर लेटरमध्ये पदाचं नाव काय दिलंय यापेक्षा खाली कामं काय लिहिलीत ते वाचा. सेटर-कम-ऑपरेटरचं सगळं काम करून घ्यायचं आणि कागदावर साधा ऑपरेटर दाखवायचा ही चलाखी आपल्याकडे चालते, तशीच इथेही करायचा मोह काहींना होतो.

जागा म्हणजे प्लांट ज्या भागात आहे तो. कंपनीचं हेड ऑफिस शिकागोला असेल आणि मशीन दीडशे मैलांवरच्या छोट्या गावात असेल तर दर त्या गावाच्या भागाचा लागतो. अमेरिकेत ऑपरेटरला सरसकट अमुक मिळतात असं कुणी सांगत असेल तर त्याला विषय माहीत नाही असं समजा.

लेव्हल चार आहेत आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. आपली पोरं मला सांगतात, ताई माझा बारा वर्षांचा अनुभव आहे, मग मला लेव्हल चार मिळेल ना. नाही मिळणार, लेव्हल तुमच्या अनुभवावरून ठरत नाही, कंपनीने त्या कामाला किमान काय लागतं म्हणून लिहिलंय त्यावरून ठरते. हिशेब एकपासून सुरू होतो, त्या कामाला नेहमी लागतो त्यापेक्षा जास्त अनुभव मागितला की पॉइंट वाढतो, जास्त शिक्षण मागितलं की वाढतो, खास कौशल्य मागितलं की वाढू शकतो, हाताखाली माणसं असली की वाढतो. कंपनीने 'अनुभवाची गरज नाही, आम्ही शिकवू' असं लिहिलं असेल तर दर लेव्हल एकचा निघणार, मग तुम्ही आयटीआय टर्नर असा, अप्रेंटिसशिप केलेली असो, काहीही असो. पण तो दर म्हणजे तळ आहे, त्याच्यावर किती द्यायचं याला कायद्याची काही आडकाठी नाही. म्हणून मागायला लाजू नका. लेव्हल एकच्या कागदावर पाच-अॅक्सिस मशीन चालवणारा माणूस मिळत असेल तर कंपनीला तुमची किंमत चांगली कळते, ती तुम्हालाही कळली पाहिजे.

हा दर तुम्ही घरबसल्या फुकटात बघू शकता. लेबर डिपार्टमेंटच्या फ्लॅग नावाच्या साइटवर वेज सर्च आहे, तिथे राज्य, भाग आणि कोड टाकला की चारही लेव्हलचे दर येतात, तासाचे आणि वर्षाचे. वर्षाचा आकडा म्हणजे तासाचा दर गुणिले २०८०, आठवड्याला ४० तास धरून. आकडे दरवर्षी १ जुलैला बदलतात त्यामुळे कुठलं वर्ष निवडलंय तेवढं बघा. एजंटने प्लांटचं गाव सांगायला टाळाटाळ केली तर तिथेच समजून जा, कारण गावाशिवाय दर निघतच नाही.

आणि ओव्हरटाइमचा खेळ ओळखायला शिका, यात लोक फार फसतात. समजा तुमच्या कोडला, त्या भागात दर निघाला तासाला २० डॉलर. एजंट म्हणतो आठवड्याला ११२० डॉलर मिळतील. २० गुणिले ४० म्हणजे ८००, त्यापेक्षा ११२० केवढे तरी जास्त, माणूस खुश. मग विचारा तास किती. ६० तास असतील तर बघा, पहिले ४० तास १६ डॉलरने म्हणजे ६४०, वरचे २० तास दीडपटीने म्हणजे २४ डॉलरने ४८०, झाले ११२०. म्हणजे मूळ दर १६, जो २० च्या खाली आहे, आणि ही ऑफर पर्मच्या नियमात बसतच नाही. ओटी धरून प्रिव्हेलिंग वेज भरून काढता येत नाही. बोनस, इन्सेंटिव्ह हेही धरत नाहीत, जोवर ते पक्कं ठरवून नेमाने दिलं जात नाही तोवर. विचारायचं ते मूळ तासाचा दर, बाकी सगळं नंतर.

आमच्याकडे पर्म करताना एक नोटीस लावावी लागते, सलग १० कामाचे दिवस, कामगारांना सहज दिसेल अशा जागी. मी ती हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी लावते. त्यावर काम काय आणि दर किती हे स्पष्ट लिहिलेलं असतं, शिवाय कुणाला आक्षेप असेल तर कुठे कळवायचं तो सरकारी पत्ता. शिफ्ट बदलताना लोक थांबून वाचतात. एकदा सेकंड शिफ्टचा एक जुना इथलाच कामगार नोटीस वाचून सरळ माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, याच मशीनवर मला यापेक्षा कमी मिळतात, असं का. रागाने नाही, शांतपणे विचारलं त्याने. त्याचं बरोबर होतं, ते मी वर कळवलं आणि पुढच्या रिव्हिजनमध्ये त्या लाइनचे दर वर आले. तेव्हापासून मला या नियमाबद्दल मनापासून आदर आहे. तो कागद तुमच्या नावाने निघत असला तरी भिंतीवर लागल्यावर सगळ्यांचा होतो. त्यामुळे तुम्ही कमी दरावर गुपचूप यायला तयार झालात तर नुकसान तुमच्या एकट्याचं होत नाही.

पैशाचं बोलू. पर्मचा खर्च, म्हणजे कंपनीच्या वकिलाची फी, पेपरातल्या जाहिराती, भरतीचा खर्च, हा कंपनीनेच करायचा असतो. २००७ पासून हा नियम पक्का आहे, कामगाराकडून तो घेता येत नाही, पगारातून कापता येत नाही, नंतर हप्त्याने फेडा असंही म्हणता येत नाही. पुढच्या टप्प्यातली तुमची व्हिसा फी, मेडिकल वगैरे तुमच्यावर येऊ शकतं, ते विचारून घ्या, पण 'पर्मचे पाच लाख' म्हणून कुणी मागितले तर ती मागणीच नियमाविरुद्ध आहे. भारतातल्या नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटलाही सेवेपोटी ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच मर्यादा आहे, आणि एजंट नोंदणीकृत आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. शेत गहाण टाकून किंवा बायकोचे दागिने मोडून लाखांनी पैसे भरलेली माणसं मी बघितलीत, त्यांना पुढे साधी रिसीटसुद्धा मिळाली नाही.

अजून एक कडू गोष्ट जी एजंट कधीच सांगत नाही. भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-३ ची रांग प्रचंड मोठी आहे. २०२५ मध्ये व्हिसा बुलेटिनवर, म्हणजे कुणाचा नंबर कुठवर आला हे सांगणाऱ्या अमेरिकी सरकारच्या मासिक पत्रकावर, २०१३ च्या आसपास अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता, स्किल्ड आणि अदर वर्कर दोन्हींचा. पर्म मंजूर व्हायलाच अलीकडे वर्षाहून जास्त लागतंय, त्यापुढे ही रांग. त्यामुळे दीड वर्षात कुटुंबासकट जाल हे वाक्य भारतात जन्मलेल्या माणसाला उद्देशून कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. हां, नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिच्या किंवा त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, असे थोडेच असतात पण असाल तर वकिलाला आवर्जून सांगा.

या रांगेचा पगाराशी थेट संबंध आहे. पर्ममधला दर देण्याचं बंधन लागतं ते ग्रीन कार्डवर तुम्ही त्या कामाला लागता तेव्हा. आणि नियम म्हणतो की त्या वेळी जो प्रिव्हेलिंग वेज लागू असेल त्याच्या खाली जाता येत नाही. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या कागदावरचा आकडा दाखवून आज तेवढ्यावरच या असं कुणी म्हणू शकत नाही, हे लक्षात ठेवा, वेळ येईल तेव्हा फ्लॅगवर नवा दर काढा. शिवाय कंपनीला पुढे आय-१४०, म्हणजे तुमच्या ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज, भरताना दाखवावं लागतं की पर्मच्या अर्जाच्या तारखेपासून एवढा पगार द्यायची तिची ऐपत होती, टॅक्स रिटर्न किंवा ऑडिट केलेले हिशेब लावून. चार मशीनच्या छोट्या वर्कशॉपने एकदम पंधरा जणांना स्पॉन्सर करायचं म्हटलं तर तिथेच गाडी अडते, म्हणून कंपनी किती मोठी आहे, किती जणांचे कागद एकदम भरतेय हे विचारणं यात उद्धटपणा काही नाही.

इथे आल्यावर स्लिपवर दर कमी दिसला, तास खाल्ले, ओटी दीडपटीने दिली नाही तर लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर विभागाकडे तक्रार करता येते, नाव गुप्त ठेवतात आणि व्हिसा कुठला आहे यावर मदत अवलंबून नसते. स्लिपा जपून ठेवा, स्वतःच्या वहीत तास लिहा.

हे सगळं वाचूनही ज्यांना अर्ज करायचाय, आणि योग्य कंपनी मिळाली तर जरूर करा, त्यांनी आजच एक काम सुरू करावं. कंपनी कामाला दोन वर्षांचा अनुभव मागणार असेल तर तो पर्मच्या अर्जाच्या तारखेआधीचा, लेखी पुराव्यासह दाखवावा लागतो. जुन्या मालकाकडून लेटरहेडवर पत्र हवं, कधीपासून कधीपर्यंत, कुठलं पद, कुठल्या मशीनवर काय काम, खाली सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. 'चांगला मुलगा आहे, वागणूक उत्तम' असलं पत्र कामाचं नाही. त्यात फानुक कंट्रोलची टर्निंग सेंटर, सेटिंग, इन्सर्ट बदलणं, ऑफसेट, फर्स्ट पीस इन्स्पेक्शन असं नेमकं आलं पाहिजे. कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर असाल तर पत्र कॉन्ट्रॅक्टरकडून घ्या आणि जमलं तर जिथे प्रत्यक्ष काम केलं त्या कंपनीच्या सुपरवायझरकडूनही घ्या, जोडीला पीएफचं पासबुक डाउनलोड करून ठेवा. छोटी वर्कशॉप बंद पडतात, मालक गाव सोडून जातात, मग सही आणायची कुणाची, त्यामुळे नोकरी सोडताना फुल अँड फायनलबरोबरच हे पत्र मागून घ्यायची सवय लावा.