त्रिनिदादमध्ये अस्सल स्थानिक जेवण कसे शोधावे

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागातून त्रिनिदादला जाणाऱ्यांनी हॉटेलातील न्याहारीचे पैसे आधी भरून ठेवू नयेत, कारण सकाळचा खरा स्थानिक पदार्थ, म्हणजे डबल्स, रस्त्यावरच्या गाडीवर मिळतो. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ, तळलेले ‘बारा’, त्यांवर पातळसर छोले, चिंचेची चटणी, काकडी आणि शॅडो बेनी या उग्र वासाच्या पाल्याची चटणी असे सारे कागदात गुंडाळून विक्रेता हातात ठेवतो आणि गिऱ्हाईक तेथेच उभ्याने खाते. कामावर निघालेल्या लोकांची गर्दी जेथे असेल, तीच गाडी निवडावी. तिखट किती हवे असे विचारले की ‘स्लाइट’ म्हणावे. आपल्या ब्याडगी मिरचीला रंग अधिक आणि तिखटपणा बेताचा असतो, तर तेथील स्कॉच बॉनेट फार जहाल असते.

दुपारी रोटीचे दुकान गाठावे. ‘धालपुरी’त जिरे घातलेल्या वाटलेल्या डाळीचे सारण असते, तर ‘बस अप शट’ हा तव्यावरच कुस्करलेला पदरदार पराठा असतो. नावे ओळखीची वाटली तरी आपल्या घरची चव तेथे शोधू नये. 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय करारबद्ध मजूर तेथे उतरले आणि पुढे आलेल्यांपैकी बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधले होते. त्यांच्या रांधण्याला त्या बेटाच्या मातीत जे नवे रूप आले, ते त्याच रूपात चाखण्यासारखे आहे, असे मला मनापासून वाटते.

एक दिवस दक्षिणेकडील डेबे गावासाठी अवश्य राखावा. तेथे रस्त्याकडेच्या दुकानांत डशीनच्या, म्हणजे अळूच्याच जातीच्या, पानांचा तळलेला ‘सहीना’ आणि चटणीसोबत ‘फुलौरी’, म्हणजे डाळीच्या पिठाची गोल भजी, गरम मिळते. मासे खाणाऱ्यांनी उत्तर किनाऱ्यावरील मराकसला जाऊन ‘बेक अँड शार्क’, म्हणजे तळलेल्या पावात घातलेला तळलेला शार्क मासा, खावे. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये संध्याकाळी क्वीन्स पार्क सव्हाना मैदानाच्या कडेला शहाळी आणि मक्याचे सूप मिळते.

शाकाहारी व्यक्तींनी मात्र प्रत्येक पदार्थ विचारूनच घ्यावा. ‘कॅलालू’ दिसायला पालेभाजीसारखे असले तरी त्यात पुष्कळदा खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस असते, आणि तुरीच्या दाण्यांचा ‘पेलाऊ’ भात बहुधा कोंबडी घालूनच शिजवतात. रोटीच्या दुकानात भोपळा, बटाटा आणि चण्याची भाजी मागितल्यास पोटभर जेवण होते.